दिसतं कुठे, आहे कुठे? गावच्या शाळेत परावर्तन आणि अपवर्तन शिकवायचं असेल तर

खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायला नव्यानेच रुजू झालेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. घरी पोरांकडून प्रयोग करून घेणाऱ्या आईवडिलांनाही यातलं बरंच जमेल.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावात शिकवते. पहिल्या वर्षी मी हा पाठ फळ्यावरच शिकवला. आपाती किरण, स्तंभिका (पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेघ), अपवर्तित किरण, बाण, कोन, सगळं नीटनेटकं. चाचणीत मुलांनी आकृत्या सुरेख काढल्या, पैकीच्या पैकी गुण मिळाले. मग एकदा तलावाच्या पाळीवर उभी असताना मी सहज विचारलं, पाण्यातला तो मासा नेमका कुठे आहे? आकृती काढणारे सगळे गप्प बसले. ज्याचे वडील मासेमारी करतात तो मागच्या बाकावरचा मुलगा बोलला, "मासा दिसते तेथं नसते जी मॅडम. खालतं मारा लागते." अख्खा धडा त्याला येत होता. फक्त आपल्याला येतं ते धड्यातलंच आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी हा पाठ एका प्रश्नावर चालवते: वस्तू दिसते कुठे आणि आहे कुठे? आपला डोळा, खरं तर मेंदू, असंच धरून चालतो की किरण सरळ रेषेत आला. वाटेत आरशावरून तो परत फिरला किंवा पाण्यातून निघताना वळला, तरी डोळ्याला त्याचा पत्ता नसतो. तो शेवटच्या सरळ टप्प्याची रेघ मागे लांबवतो आणि वस्तू तिथे आहे असं मानतो. पुढच्या प्रत्येक पायरीत हेच येणार आहे.

काय काय लागेल

बहुतेक सामान गावातच मिळतं. जे मिळत नाही ते तालुक्याच्या बाजाराला जाताना आणा.

- आरशाच्या पट्ट्या, साधारण 10 सेंमी लांब आणि 3 सेंमी उंच. फोटोफ्रेमवाल्याकडे तुकडे पडलेले असतात, तो कापून देतो. कडा पॉलिश पेपरने घासूनच मुलांच्या हाती द्या.
- साध्या पारदर्शक काचेचा एक तुकडा, वहीच्या पानाएवढा
- टाचण्या किंवा बोर्डपिना, जाड पुठ्ठा, कोरे कागद, कोनमापक, पट्टी
- काचेची चीप, म्हणजे जाड काचेचा आयताकृती ठोकळा. शाळेच्या कपाटात बहुतेक असतेच, धूळ खात पडलेली. साबणाने धुऊन घ्या. नसेल तर चौकोनी, सपाट भिंतींची पारदर्शक प्लास्टिक डबी चालते.
- स्टीलचा गंज (पातेलं) किंवा खोल वाटी, नाणं, मेणबत्ती, दोन सारख्या पणत्या
- परात, बादली
- प्रयोगशाळेतली परीक्षानळी आणि शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल

लेझर टॉर्चबद्दल सहाव्या पायरीत सविस्तर सांगते, तोवर विकत घेऊ नका.

वेळेचंही पाहून ठेवा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच आभाळ भरून येतं. उन्हाचे प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये धरले तर दिवसच्या दिवस वाट पाहावी लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्या दिवशी मुलांनीच हे प्रयोग गावाला दाखवावेत असं मी ठरवून घेते. नागपूरची सहल निघणार असेल तर रमण विज्ञान केंद्र यादीत घाला, पण हे सगळं आधी शाळेत करून झाल्यावर. हाताने केलेलं तिथे मुलं ओळखतात आणि मग तिथून हलत नाहीत.

1. आधी शब्दांचा घोळ सोडवा

परावर्तन आणि अपवर्तन हे शब्द कानाला इतके जवळचे वाटतात की मुलं वर्षभर अदलाबदल करत राहतात. सेमी इंग्रजीच्या मुलांचं रिफ्लेक्शन आणि रिफ्रॅक्शन हेही तसंच होतं. मी एवढंच सांगते: परावर्तनात किरण *परत* येतो, ज्या माध्यमातून आला त्याच माध्यमात. अपवर्तनात तो दुसऱ्या माध्यमात शिरतो आणि दिशा बदलतो.

घरातली मोठी माणसं याला वक्रीभवन म्हणतील, कारण त्यांच्या पुस्तकात तोच शब्द होता. दोन्हींचा अर्थ एकच आहे हे मुलांना सांगून टाका. मात्र त्या शब्दामुळे किरण पाण्यात कमानीसारखा वाकत जातो असं काहींना वाटतं. किरण दोन माध्यमांच्या सीमेवर वळतो आणि पुढे पुन्हा सरळच जातो.

2. कवेलूतला कवडसा

ज्या घराला किंवा जुन्या वर्गखोलीला अजून कवेलू आहेत तिथे सकाळी दहाच्या सुमारास मुलांना घेऊन जा. फटीतून उन्हाची तिरीप उतरलेली असते. डस्टर झटका, धुळीत ती तिरीप काठीसारखी उभी दिसते. प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

तिरीप जिथे जमिनीवर पडते तिथे आरशाची पट्टी आडवी ठेवा. परत फिरलेली तिरीप भिंतीवर जाईल. पट्टी थोडी तिरपी केली की भिंतीवरचा ठिपका किती धावतो ते पाहायला लावा. आरसा 10 अंशांनी फिरवला तर परावर्तित किरण 20 अंशांनी फिरतो.

जमिनीवरचा कवडसा गोल का, फट तर वाकडीतिकडी आहे, असं एखादी मुलगी विचारेलच. ती सूर्याची प्रतिमा असते, म्हणून गोल. हा प्रश्न ज्या दिवशी आला त्या दिवशी माझा तास तिथेच संपला आणि मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.

सावध: आरशातलं ऊन कोणाच्याही डोळ्यावर पाडायचं नाही, हा नियम प्रयोगाच्या आधी सांगा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, भिंगातून तर कधीच नाही. बहिर्वक्र भिंग घेऊन मुलं कागद जाळायला बाहेर पळतात. शाळेमागे कुटार, तणस किंवा पऱ्हाटीचा ढीग असेल तर भिंग कुलुपात ठेवा.

3. परावर्तनाचे कोन मोजा

पुठ्ठ्यावर कागद लावून त्यावर एक रेघ मारा आणि रेघेवर आरशाची पट्टी उभी करा. मागून काड्यापेटी लावून रबर बांधला की ती पडत नाही. पट्टीसमोर तिरप्या रेषेत दोन टाचण्या टोचा. आता दुसऱ्या बाजूने आरशात पाहा आणि त्या दोघींच्या प्रतिमा एकामागे एक झाकल्या जातील अशी नजर धरून आणखी दोन टाचण्या टोचा. आरसा काढा, रेघा जोडा, स्तंभिका काढा, कोन मोजा. एक-दोन अंशांच्या फरकाने दोन्ही कोन सारखे येतात.

माझ्या वर्गात होणाऱ्या चुका सांगते:

कोन आरशापासून मोजणं. कोन नेहमी स्तंभिकेपासून मोजायचा. म्हणून आरसा काढल्या काढल्या सगळ्यात आधी स्तंभिका काढायला लावा.

आरशाची पुढची कड रेघेवर ठेवणं. आपला साधा आरसा मागच्या बाजूला मुलामा दिलेला असतो, परावर्तन तिथे होतं. मागची कड रेघेवर हवी.

टाचण्यांची डोकी पाहणं. टाचणी जराशी तिरपी असली तरी डोकं भलतीकडे जातं. डोळा कागदाच्या पातळीला आणून टाचणीचा पाय पाहायचा. दोन टाचण्यांमध्ये निदान 5 सेंमी अंतर ठेवा.

प्रयोग संपला की टाचण्या मोजून परत घ्या. मुलं सतरंजीवर अनवाणी बसतात.

4. पाण्यात जळणारी पणती

खोली अंधारी करा. साधी काच टेबलावर उभी धरा. काचेपुढे 20 सेंमीवर पेटती पणती ठेवा आणि काचेमागे तशीच न पेटवलेली पणती. समोरून पाहत मागची पणती पुढेमागे सरकवा. एका जागी ती पेटलेली दिसू लागते. अंतर मोजा, तेही 20 सेंमीच येतं. एखाद्या मुलाला मागच्या वातीवर बोट ठेवायला सांगा. सगळा वर्ग ओरडतो, बोट मात्र भाजत नाही.

मग मागच्या पणतीच्या जागी पाण्याने भरलेला ग्लास ठेवा. पाण्यात ज्योत जळताना दिसते.

प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागावर असते, ही समजूत मुलांच्या मनातून शब्दांनी जात नाही. या प्रयोगाने जाते. इथेच पहिल्यांदा तो प्रश्न विचारा: ज्योत दिसते कुठे, आहे कुठे?

5. गंजातलं नाणं, आणि त्यामागचं कारण

गंजाच्या तळाला मेणाच्या थेंबाने नाणं चिकटवा. मुलाला बाकाच्या कडेवर हनुवटी टेकवायला सांगा आणि नाणं काठाआड जाईपर्यंत गंज पुढे सरकवा. आता दुसऱ्याने हळूहळू पाणी ओतायचं. नाणं वर येतं. डोकं हललेलं नाही, नाणं हललेलं नाही.

मेण लावलं नाही तर पाण्याच्या धारेने नाणं सरकतं आणि मुलांना वाटतं तेच कारण. हनुवटी टेकलेली नसेल तर मूल नकळत डोकं उचलतं. उथळ ताटलीत फरक जेमतेम दिसतो, खोल भांडं घ्या. काचेचा बाऊल नको, त्यात नाणं आडूनही दिसतं.

आता "काऊन?" हा प्रश्न येईल. उत्तर वेगात आहे. प्रकाश निर्वात जागेत सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर जातो, हवेतही जवळपास तेवढाच. पाण्यात सुमारे सव्वादोन लाख. या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक, 1.33. साध्या काचेचा 1.5 च्या आसपास, हिऱ्याचा 2.42.

वेग कमी झाला तर दिशा का बदलावी? यासाठी बंडीचं उदाहरण घ्या. बंडी कठीण रस्त्यावरून तिरपी उतरून पावसात भिजलेल्या काळ्या शेतात शिरते. जे चाक आधी चिखलात गेलं ते मंदावतं, दुसरं अजून रस्त्यावर जोरात आहे, म्हणून बंडी चिखलातल्या चाकाकडे वळते. दोन्ही चाकं चिखलात गेली की पुन्हा सरळ. बंडी काटकोनात उतरली तर दोन्ही चाकं एकदम मंदावतात, वळण्याचं कारणच उरत नाही. प्रकाशाचंही तसंच: लंब किरण वेग बदलतो, दिशा बदलत नाही. परीक्षेत हे हमखास चुकतं.

हे करूनही दाखवता येतं. तान्ह्या पोळ्याचा मोडका लाकडी बैल कोणाच्या तरी घरी असतो. मी आधी अख्खा बैल उतरत्या फळीवरून पोत्यावर तिरपा सोडून पाहिला, पण मागची चाकं त्याला सरळ ढकलतात आणि वळण धड दिसत नाही. पुढचीच आस दोन चाकांसकट काढून घ्या. ती गुळगुळीत फळीवरून येऊन पोत्याच्या कडेवर सुरेख वळते.

मग पाळीवर चला. उभं, सरळ वरून पाहिलं तर पाण्याची खोली खऱ्याच्या पाऊणपट वाटते. 12 फूट पाणी 9 फूट. तिरपं पाहिलं तर त्याहूनही कमी. म्हणून भाला मारणारा दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतो. आणि म्हणूनच मी हा भाग घाईत कधी उरकत नाही. आपल्याकडे गिट्टीच्या सोडून दिलेल्या खदानींत पाणी साचतं, ते हिवाळ्यात इतकं नितळ होतं की तळ दिसतो. तळ दिसला की कंबरभर पाणी असेल असं मुलांना वाटतं. वर्गात प्रत्येक मुलाकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या की दिसतं त्यापेक्षा पाणी खोल आहे. कुठल्याही आकृतीपेक्षा हे जास्त गरजेचं आहे.

6. काचेची चीप आणि चार टाचण्या

दहावीच्या प्रात्यक्षिकाचा हा भाग. कागदावर चिपेची चौकट आखा. एका बाजूला 45 अंशांच्या रेषेवर दोन टाचण्या, दुसऱ्या बाजूने चिपेतून पाहत त्यांच्या रेषेत आणखी दोन. चीप उचलून रेघा जोडल्या की आतला किरणही मिळतो. बाहेर पडलेला किरण आत शिरणाऱ्या किरणाला समांतर असतो, फक्त बाजूला सरकलेला.

काचेत 45 अंशांचा कोन सुमारे 28 होतो. चिपेऐवजी पाण्याची डबी वापरली तर सुमारे 32. डबीच्या प्लास्टिकची भिंत पातळ असेल तर तिने फारसं बिघडत नाही. तुमचा आकडा 35 आला तर चौकट आखल्यानंतर चीप हलली आहे, पुन्हा करा. आकडा दुरुस्त करून वहीत लिहू देऊ नका. मुलांना "बरोबर उत्तर" लिहायची घाई असते, ती इथे मोडली नाही तर पुढे मोडत नाही.

यावरून अपवर्तनांक काढायला साइनचे तक्ते नकोत. किरण जिथे शिरतो तो बिंदू केंद्र धरून 6 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. दोन्ही किरण वर्तुळाला जिथे छेदतात तिथून स्तंभिकेवर लंब टाका आणि दोन लंबांच्या लांबीचा भागाकार करा. पाण्याच्या डबीत मला 4.2 आणि 3.2 सेंमी मिळतात, भागाकार 1.31. दुसऱ्या कोनाला करा, तिसऱ्या कोनाला करा, उत्तर जवळपास तेच येतं. स्नेल या डच शास्त्रज्ञाने 1621 च्या सुमारास शोधलेला नियम तो हाच. पट्टीने मोजून तो मुलांच्या हाती लागतो तेव्हा वर्गात जी शांतता होते ती पाहण्यासारखी असते.

आता लेझरबद्दल, तो पुढच्या पायरीत लागतो. बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या लेझरवर लिहिलेली शक्ती भरवशाची नसते, आणि हिरवे तर घेऊच नका. 1 मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा लाल लेझर मिळाला तरच वापरा. तो फक्त शिक्षकाच्या हातात राहील आणि बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली राहील. चकचकीत भांडी समोरून हटवा. भरवसा नसेल तर परातीवर भागवा: परातीत पाणी, त्यात आरसा तिरपा टेकवून ठेवा, उन्हाची तिरीप आरशावर घ्या. भिंतीवर सातही रंग उतरतात. पाणी थांबेपर्यंत रंग नाचतात, घाई करू नका.

7. पाण्याच्या धारेत अडकलेला प्रकाश

प्लास्टिकच्या बाटलीला तापवलेल्या दाभणाने बाजूला 5 मिमीचं गुळगुळीत भोक पाडा. पाणी भरा, झाकण उघडा, धार बादलीत पडू द्या. अंधारात भोकाच्या विरुद्ध बाजूने, बाटलीतल्या पाण्यातून, लेझर त्या भोकावर धरा. प्रकाश धारेबरोबर वळतो आणि धारेखाली धरलेल्या तळव्यावर लाल ठिपका पडतो. जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने 1854 साली लंडनमध्ये हाच प्रकार दाखवला होता.

पाण्यातून हवेत येताना स्तंभिकेशी होणारा कोन सुमारे 49 अंशांपेक्षा मोठा झाला तर किरण बाहेर पडतच नाही, सगळा आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. ग्रामपंचायतीत फायबरची केबल आली असेल तर मुलांना ती दाखवा. आत केसाएवढी काच आहे आणि मोबाइलवर येणारा व्हिडिओ असाच आपटत आपटत येतो, हे ऐकून मोठी माणसंही थांबतात.

दुसरा प्रयोग याच्या उलट. परीक्षानळी तेलात बुडवा, नळीच्या आतही तेल जाऊ द्या. नळी दिसेनाशी होते. बोरोसिलिकेट काचेचा आणि खाद्यतेलाचा अपवर्तनांक दोन्ही 1.47 च्या आसपास, म्हणून सीमेवर प्रकाश ना वळतो ना परततो. साधा ग्लास घेतला तर तो पुसटसा दिसत राहतो.

8. मृगजळ, एप्रिलमध्ये

परीक्षा संपत आल्या की डांबरी रस्त्यावर पाणी चमकताना दिसतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, तिकडच्या मुलांना हे सांगायलाच नको. रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, तिचा अपवर्तनांक वरच्या थंड हवेपेक्षा किंचित कमी असतो. आकाशाकडून येणारा प्रकाश खाली येता येता थोडा थोडा वळत वर फिरतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. रस्त्यावर दिसतं ते आकाश. इथे एकच ठळक सीमा नाही, थरामागून थर आहेत, म्हणून या एका ठिकाणी मार्ग खरोखर कमानीसारखा असतो. हे सकाळच्या शाळेतून घरी जाताना वाटेवरच दाखवा, त्यासाठी कोणालाही दुपारच्या उन्हात उभं करू नका.

9. चाचणीत काय विचारायचं

आकृत्या असू द्या, बोर्डात त्या लागतात. पण मी त्यासोबत हे प्रश्न घालते, आणि उत्तर मुलाच्या स्वतःच्या बोलीत असलं तरी पूर्ण गुण देते:

- विहिरीतल्या पाण्यावर चंद्र दिसतो. विहिरीत उतरत गेलं तर तो जवळ येईल का?
- रुग्णवाहिकेवर अक्षरं उलटी का लिहितात?
- तलावातला मासा वर पाहतो तेव्हा काठावर उभा असलेला तू त्याला खऱ्यापेक्षा उंच दिसशील की बुटका?
- खदानीच्या पाण्याचा तळ दिसतो आहे आणि तुझा धाकटा भाऊ उतरायला निघाला आहे. त्याला काय सांगशील, आणि त्याने "काऊन?" विचारलं तर काय दाखवशील?

शेवटच्या प्रश्नाला गेल्या वर्षी एका मुलीने आकृती काढलीच नाही. तिने लिहिलं, "घरी चाल, गंज अन् नाणं घेऊन दाखवतो." मी पूर्ण गुण दिले.